फडावरची औषधपेटी : काय ठेवावे आणि कोणी सांभाळावी



हंगाम तोंडावर आला की आपल्या बोलण्यात त्याच त्या गोष्टी असतात. टोळी कधी येणार, पाळी कधी लागणार, गाडीवाट झाली का, वजन किती भरेल. फडात कुणाला कोयता लागला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे आणि त्यासाठी हाताशी काय असले पाहिजे, हे मात्र कुणी बोलत नाही. “तेव्हाचं तेव्हा बघू की,” असे म्हणून आपण पुढे जातो. पण तेव्हा बघायला वेळ नसतो. म्हणून या अंकातील पाठ आम्ही फडावरच्या औषधपेटीसाठी ठेवला आहे.

कारखान्याला हा धडा फार पूर्वीच घालून दिलेला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी सांगितली, ती पेटी प्रशिक्षण घेतलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी असे सांगितले, आणि ५०० हून अधिक कामगार असतील तेथे रुग्णकक्ष सांगितला. म्हणजे गव्हाणीपासून साखरेच्या गोदामापर्यंत माणसाला काही लागले तर काय करायचे, हे लिहून ठेवलेले आहे. पण कारखान्याचे गेट ओलांडून दहा-वीस किलोमीटर लांब आपल्या रानात आलो की तेथे काय असते? पाण्याची घागर, भाकरीचे गाठोडे आणि कुणाच्या तरी खिशातली तंबाखूची पुडी. कोयता लागला की तीच तंबाखू जखमेवर दाबली जाते.

ऊस गव्हाणीत पडण्याआधी आपल्या रानात तुटतो. रान आपले, ऊस आपला. मग त्या उसासाठी ज्याच्या हातातून रक्त आले त्याच्याकडे बघणेही आपलेच काम आहे. बीडकडून आलेले जोडपे असो, गावातला मजूर असो की आपला स्वतःचा मुलगा असो, कोयत्याला माणूस ओळखू येत नाही.

१. फडात काय काय होते?

पेटीत काय ठेवायचे हे औषधाच्या दुकानदाराने ठरवायचे नसते, ते कामावरून ठरते. आधी आपल्या कामाची यादी करू.

तोडताना डाव्या हातात ऊस आणि उजव्या हातात कोयता असतो. घाव चुकला तर डाव्या हाताची बोटे किंवा पुढे आलेला पाय, नडगी, पाऊल सापडते. उसाच्या पानाच्या कडा करवतीसारख्या असतात. हात, मान, चेहरा ओरबाडतो, आणि डोळ्यात पाते गेले तर डोळा धोक्यात येतो. तोडून झालेल्या रानात बुडखे तिरपे व टोकदार राहतात, त्यावर अनवाणी पाय पडतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पाय घसरतो. मनगट किंवा घोटा तरी मोडतो, नाहीतर पाठ धरते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना पिन घालणाऱ्याचे बोट चेंगरते. पाचट पेटवले किंवा कोपीतल्या चुलीचा भडका उडाला तर भाजते. मार्चनंतर उन्हाने चक्कर येते. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक, तणनाशक-कीटकनाशकाची विषबाधा, आणि या सगळ्यांच्या वर साप व विंचू. उसात उंदीर असतो, आणि उंदरामागे साप असतोच.

अशी यादी डोळ्यांपुढे ठेवली की पेटी आपोआप भरत जाते.

२. पेटी आणि तिच्यातील सामान

पेटी पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची असावी. आत धूळ आणि पाणी जाता कामा नये. कुलूप लावू नये. किल्ली मुकादमाच्या कनवटीला आणि मुकादम गावात, अशी वेळ यायला नको. पेटी हिरव्या रंगाने रंगवून तिच्यावर पांढरी फुली काढावी. लाल फुली काढू नये. ते चिन्ह रेडक्रॉसचे असून १९६० च्या जिनीव्हा करार कायद्याने राखून ठेवलेले आहे.

दहा-बारा कोयत्यांची टोळी, म्हणजे वीस-पंचवीस माणसे धरली, तर साधारण पुढील सामान पुरते:

(१) निर्जंतुक गॉजची पाकिटे २०. जखमेवर थेट ठेवायची वस्तू हीच.
(२) गुंडाळायच्या पट्ट्या : दोन इंची ६, चार इंची ६.
(३) ताणणारी क्रेप पट्टी २. मुरगळलेल्या घोट्यासाठी.
(४) त्रिकोणी पट्ट्या ४. एक मीटर चौरस मांजरपाट कोनातून कोनात कापला की दोन होतात. घरीच करा, धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून ठेवा.
(५) कापूस १ गुंडाळी. हा जखमेवर थेट ठेवायचा नाही, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. गॉजच्या वर गादीसारखा वापरायचा.
(६) चिकटपट्टीचे रीळ १ आणि लहान तयार चिकटपट्ट्या २०.
(७) पोव्हिडोन आयोडीनची बाटली १ आणि साबणाची वडी १.
(८) कात्री, चिमटा, सेफ्टी पिना १२.
(९) रबरी हातमोजे ४ जोड. दुसऱ्याच्या रक्तापासून आपले रक्षण व्हावे म्हणून.
(१०) ओ.आर.एस.ची पाकिटे १०.
(११) पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या १०. मोठ्या माणसांसाठीच, लहान मुलाला मोठ्यांची गोळी तोडून देऊ नये.
(१२) दीड-दीड फुटाच्या चपट्या लाकडी पट्ट्या २. नसल्या तर सोललेल्या उसाचे सरळ कांडके कापडात गुंडाळून चालते. उसाच्या रानात त्याची वाण नाही.
(१३) स्वच्छ प्लास्टिक पिशव्या ४, बॅटरी १, सॅनिटरी पॅडचा पुडा १. टोळीत निम्म्या बाया असतात, हे पेटी भरणाऱ्या पुरुषमाणसांनी विसरू नये.
(१४) वही, पेन्सिल आणि झाकणाच्या आत डकवलेला कागद. त्या कागदावर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, वाहन असलेल्या दोन शेजाऱ्यांचे फोन, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे.

पेटीबाहेर, पण पेटीच्या शेजारी, झाकणाच्या कॅनमध्ये पाच लिटर पिण्याचे स्वच्छ पाणी रोज भरलेले हवे. जखम धुवायला, डोळा धुवायला, ओ.आर.एस. करायला हेच लागते. पाण्यावाचून पेटी निम्मी रिकामीच.

पेटीत काय नसावे, हेही सांगितले पाहिजे. अँटिबायोटिकच्या सुट्या गोळ्या, इंजेक्शने, जखमेवर टाकायच्या पावडरी, सापाचे म्हणून विकले जाणारे खडे आणि मुळ्या, आणि चिरा देण्यासाठी ब्लेड यांपैकी काहीही ठेवू नका. औषध देणे हे डॉक्टरचे काम. माणूस डॉक्टरपर्यंत धडपणे पोचवणे एवढेच आपले काम, आणि ते लहान नाही.

३. पेटी वापरायची कशी?

कोयत्याची जखम. माणसाला खाली बसवा किंवा आडवे करा. हातमोजे घाला. गॉजची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे दाबून धरा. मधेमधे उचलून “थांबलं का?” म्हणून बघू नका, बघितले की धरलेली गाठ सुटते. गॉज भिजला तर तो न काढता वर दुसरा ठेवा. मग पट्टी बांधा. साधी लहान जखम असेल तर साबण-पाण्याने धुऊन, आयोडीन लावून झाका. हळद, चुना, तंबाखू, मिश्री, माती, रॉकेल यांपैकी काहीही लावू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. जखमेत माती भरणे म्हणजे धनुर्वाताला घरात बोलावणे. जखम लहान असो वा मोठी, मागील धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले हे सांगून आरोग्य केंद्रात दाखवावे. खोल जखमेला टाके लागतात, ते त्याच दिवशी, जितक्या लवकर तितके चांगले.

रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच पुढचा उपाय. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, दोन इंच रुंदीचे कापड बांधा, त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि काठी तशीच बांधून टाका. वेळ वहीत लिहा. डॉक्टरपर्यंत ते सोडू नका. दोरी, सुतळी, तार वापरू नये. आणि हा उपाय वाहत्या रक्ताचा आहे, सापाचा नव्हे. त्याचे खाली येते.

बोट तुटून पडले तर ते फेकू नका. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिक पिशवीत घाला, तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून माणसाबरोबर पाठवा. बर्फावर थेट ठेवले तर मांस बाद होते.

डोळ्यात पाते किंवा कुसळ गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडा. रुतलेले काढायला जाऊ नका. डोळ्यावर दाब न देता झाकून दवाखान्यात न्या. पाल्याने ओरखडलेल्या बुबुळात बुरशी धरते, आणि दुकानातून मागून आणलेले चुकीचे थेंब ती वाढवतात. डोळा लाल असेपर्यंत “बरं वाटतंय” या शब्दावर विश्वास ठेवू नये.

हाड मोडल्याचा संशय. ओढून सरळ करू नका. आहे त्या स्थितीत पट्टी-लाकडाने आधार द्या. मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा हलणार नाही असे बांधा. हात असेल तर त्रिकोणी पट्टीची झोळी करा. फळीवरून पाठीवर पडलेल्याला उठवून बसवू नका, चालवू नका. चौघांनी फळीवरच सरळ उचलावे.

भाजल्यास वीस मिनिटे साधे पाणी ओता. बर्फ, शाई, टूथपेस्ट, तूप काही नको. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका.

ऊन लागल्यास सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला. शुद्धीत असेल तर ओ.आर.एस.चे एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी नाही की जास्त नाही, असे करून घोट-घोट द्या. पाकीट संपले तर आपल्या घरचीच साखर : एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनाबिस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्यावर पटकीचे हजारो रोगी वाचवले. आपण पिकवतो त्या साखरेचा याहून मोठा उपयोग आम्हांला माहीत नाही. मात्र माणूस बरळत असेल, बेशुद्ध असेल, तर तोंडाने काही देऊ नका. अंग गार करत करत थेट दवाखाना.

फवारणीचे विष. कपडे काढा, साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवा. डोळ्यात गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे धुवा. पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. डबा किंवा निदान त्याचे लेबल डॉक्टरकडे न्या. लेबलावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो, लाल सर्वांत जहाल. आणि आतले नाव कळल्यावाचून उतारा ठरत नाही.

विजेचा शॉक. आधी मेन स्विच पाडा, मग माणसाला हात लावा. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच दबेल असे दाबत राहा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. हे वाचून नव्हे, करून शिकायचे असते. प्रत्येक गटातील दोन तरुणांनी तरी शिकून घ्यावे.

४. साप आणि विंचू

याला वेगळे प्रकरण दिले आहे, कारण येथे पेटीपेक्षा काय करू नये हे जास्त मोलाचे आहे. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक आपल्यासारखीच खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन चालते. ते दवाखान्यात असते, मांत्रिकाकडे नसते.

दंश झाला की माणसाला आडवे करा, धीर द्या. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाहीत. चावलेला हात-पाय लाकडी पट्टीने हलणार नाही असा बांधा, पण घट्ट आवळू नका. चिरा देऊ नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका, बर्फ लावू नका. साप मारायला पाठीमागे धावू नका. त्यात वेळ जातो आणि दुसराही चावून घेतो. चालवू नका. जीप नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्या. निघतानाच दवाखान्याला फोन करून इंजेक्शन आहे ना हे विचारा. नसेल तर पुढचा दवाखाना गाठा.

मण्यारीचे लक्षण निराळे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. कोपीतला माणूस सकाळी असे सांगू लागला तर “रात्रीचं खाणं बाधलं” म्हणू नका, दवाखान्यात न्या. कोपीत मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून झोपणे हा मण्यारीवरचा स्वस्त उपाय आहे, आणि बॅटरी त्यासाठीच यादीत आहे.

लाल विंचू चावून घाम फुटला, हात-पाय गार पडले, ओकाऱ्या सुरू झाल्या तर तो जीवघेणा प्रसंग समजावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा गुण दाखवून दिला, आणि पूर्वी जाणारे जीव वाचू लागले. पण ती गोळी किती व केव्हा द्यायची, ते डॉक्टरच ठरवतात.

५. पेटी कोणाची?

येथेच सगळे अडते. टोळी मुकादमाची, ऊस सभासदाचा, चिठ्ठी शेतकी खात्याची, वाहन ठेकेदाराचे. मग पेटी कोणाची? ज्याची त्याने म्हटले की कुणाचीच राहत नाही. आमची सूचना अशी :

एका शिवारातल्या चार-पाच सभासदांनी वर्गणी काढून टोळीमागे एक पेटी करावी. प्रत्येकाने वेगळी करण्याचे कारण नाही, कारण टोळी एका वेळी एकाच फडात असते. पेटी तोडीच्या पाळीबरोबर फिरवावी. ज्याच्या रानात त्या दिवशी कोयता चालू, त्या दिवशी पेटी त्याची. पाळी संपली की पुढच्या सभासदाच्या हाती देताना दोघांनी झाकण उघडून मोजावे, काय खर्चले ते वहीत बघावे, आणि कमी असेल ते देणाऱ्याने भरून द्यावे. दोन मिनिटांचे काम आहे. वहीत जखमीचे नाव, तारीख, वेळ, काय लागले, काय केले, कोठे पाठवले, एवढे लिहावे. डॉक्टरला त्याचा उपयोग होतो, आणि पुढे विम्याचा प्रश्न आला तर मजुरालाही.

पेटी बांधावर झाडाखाली, सावलीत, सगळ्यांना दिसेल अशी असावी. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये नको. ट्रॅक्टर कारखान्यावर गेला की पेटीही गेली. टोळी रानात उतरली त्या सकाळी एकदा सर्वांना पेटी उघडून दाखवावी, बायांनाही दाखवावी. टोळीतल्या एकीला नि एकाला सामान वापरून दाखवावे.

एक भीती मनातून काढावी. रस्त्यावर अपघात झालेल्याला दवाखान्यात नेले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, असे अजून अनेकांना वाटते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगावे अशी सक्तीही करता येत नाही. उसाच्या गाडीखाली कोणी आले तर बघत उभे राहू नका.

उजळणीसाठी प्रश्न

(१) जखमेवर कापूस थेट का ठेवू नये?
(२) आवळपट्टी कोणत्या एकाच प्रसंगी बांधायची आणि कोणत्या प्रसंगी मुळीच नाही?
(३) तुटलेले बोट कसे पाठवावे?
(४) एक लिटर पाण्यात साखर किती, मीठ किती?
(५) आज तुमच्या फडापासून इंजेक्शन असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, आणि तेथे पोचायला किती वेळ लागतो?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे वरच्या पाठात आहेत. पाचव्याचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. ते ज्याचे त्याने हंगामापूर्वी जाऊन, विचारून आणायचे आहे.

खंडेनवमीला आपण कोयता, विळा, ट्रॅक्टर, मोटार सगळ्यांना हळद-कुंकू लावतो. त्याच दिवशी पेटी उघडावी, मुदत संपलेले फेकावे, कमी असेल ते भरावे आणि कोयत्याच्या शेजारी तीही मांडावी. हत्यार आणि त्याच्या जखमेचा इलाज एका पाटावर असलेले बरे.